कपड्यावर नाव लिहिताना शाई फुटू नये म्हणून

वसतिगृहात राहायला जाणाऱ्या मुलाच्या सामानाची यादी शाळेकडून येते, तिच्यात एक ओळ हमखास असते: प्रत्येक कपड्यावर नाव आणि क्रमांक घालावा. ट्रंक, बादली, ताट-वाटी यांचं काम सोपं असतं. कपड्यांपाशी मात्र अडतं. निघायच्या आदल्या रात्री काळा परमनंट मार्कर घेऊन बसावं, पहिल्याच बनियनवर नाव लिहावं आणि डोळ्यांदेखत अक्षरांच्या कडांना तंतू फुटावेत, असं पुष्कळ घरांत होतं. ‘म’ची गाठ बुजते, अनुस्वार मसुराएवढा होतो आणि नावाच्या जागी डाग उरतो. मग मार्करला दोष दिला जातो. बहुतेक वेळा मार्कर चांगलाच असतो. त्याचं झाकण उघडण्याआधी कापडाची जी तयारी करायला हवी, ती राहून गेलेली असते.

ती तयारी कोणती, हे समजायला शाई कापडावर नेमकं काय करते ते बघू. परमनंट मार्करच्या शाईत मुख्यतः तीन गोष्टी असतात: रंग, तो धरून ठेवणारी राळ आणि या दोघांना पातळ ठेवणारं अल्कोहोलसारखं द्रावक. काचेवर किंवा प्लॅस्टिकवर लिहिलं की अल्कोहोल उडून जातं आणि रंग राळेसकट तिथेच चिकटतो. कापडात शाईला पळायला वाटा असतात. सुताचा एक धागा म्हणजे शेकडो बारीक तंतूंचा पीळ. तंतूंमधल्या फटींतून शाई केशाकर्षणाने ओढली जाते आणि अल्कोहोल उडेपर्यंत पुढे सरकत राहते. म्हणून फुटलेली शाई गोल पसरण्याऐवजी उभ्या-आडव्या धाग्यांवरून रेषारेषांनी पळालेली दिसते. पांढऱ्या मांजरपाटाच्या तुकड्यावर मार्करचं टोक दोन-तीन सेकंद टेकवून धरा आणि भिंगातून पाहा: ठिपक्याच्या चारही बाजूंनी धाग्यांवरून टोकं निघालेली दिसतील, आणि काळ्या शाईत अनेक रंग मिसळलेले असतील तर टोकांशी जांभळी किंवा निळी झाक.

तेव्हा आपल्या हातात तीनच गोष्टी आहेत. शाई कमी सोडायची, फटी बुजवायच्या आणि अल्कोहोल लवकर उडू द्यायचं. पुढचं सगळं यातूनच निघतं.

कपडा नवा असेल तर आधी धुऊन घ्या. गिरणीतून येणाऱ्या कापडावर खळ आणि मऊपणासाठी लावलेली द्रव्यं असतात. शाई त्यांच्यावरच बसते आणि पहिल्या-दुसऱ्या धुण्यात त्यांच्याबरोबर निघून जाते. या धुण्यात कपडे मऊ करणारं द्रावण घालू नका, त्याचाही तसाच थर बसतो. नंतर कपडा कडकडीत वाळवा आणि लिहायच्या जागेवर वाफेशिवाय गरम इस्त्री फिरवा. आपल्याकडे ही इस्त्री टाळून चालत नाही, कारण शाळा उघडतात त्या जूनच्या मध्याला, विदर्भात त्याच्याही नंतर. म्हणजे नावं घालायची वेळ नेमकी पावसाची. साधारण दमट हवेतसुद्धा सुती कापडात त्याच्या वजनाच्या सुमारे ८ टक्के पाणी असतं. कोकणात, मुंबईत भर पावसात ते आणखी वाढतं. हाताला कोरडा लागणारा कपडा आतून ओलसर असतो आणि ओलसर सुतावर शाई वाळायला वेळ लागतो. इस्त्री केलेली जागा निवली की लगेच लिहा, तासाभराने नको.

फटी बुजवायला सगळ्यात स्वस्त आणि भरवशाचा उपाय म्हणजे खळ. चहाचा एक चमचा आरारूट किंवा कॉर्नफ्लोअर थोड्या गार पाण्यात कालवा, ते कपभर उकळत्या पाण्यात सोडून पारदर्शक होईपर्यंत ढवळा आणि निवू द्या. साबुदाण्याची पातळ खळ किंवा भाताची गाळलेली पेजही चालते. अख्खा कपडा त्यात बुडवायचं कारण नाही. कापसाच्या बोळ्याने लिहायच्या जागेपेक्षा बोटभर मोठा चौकोन ओला करा, वाळवा आणि इस्त्री करा. जागा कागदासारखी ताठ झाली पाहिजे. स्टार्च अल्कोहोलमध्ये विरघळत नाही, म्हणून शाई धाग्याच्या आत धाव घेण्याऐवजी वरच थांबते. फरक इतका स्पष्ट असतो की एकदा खळ लावून लिहिलेला माणूस पुन्हा कोऱ्या बनियनवर मार्कर टेकवणार नाही.

खळीला एक मर्यादा आहे, तीही सांगायला हवी. शाईचा काही भाग खळीवर बसलेला असतो आणि खळ पाण्यात निघून जाते. त्यामुळे पहिल्या धुण्यानंतर अक्षर थोडं फिकं दिसतं. खळ जितकी दाट, तितकं हे जास्त. म्हणून ती पातळच हवी. आणि पहिलं धुणं झालं की वाळलेल्या, इस्त्री केलेल्या कपड्यावर त्याच रेषांवरून बारीक टोकाने एकदा गिरवा. कडा आधीच आखलेल्या असल्याने आता थोडी शाई लागते, आणि थोडी शाई फुटत नाही.

खळीऐवजी केसांचा स्प्रे मारायला सांगणारे बरेच भेटतात. मी तो मारायला सांगणार नाही. बहुतेक केसांच्या स्प्रेत अल्कोहोल आणि त्यात विरघळणारी राळ असते. मार्करच्या शाईला विरघळवणारंही अल्कोहोलच. त्या थरावर लिहिलं की शाई त्याच्यात मिसळते, आणि स्प्रे नीट वाळला नसेल तर अधिकच पसरते. मीठ, व्हिनेगर आणि तुरटीचंही तसंच. रंगाऱ्याच्या कामात त्यांना जागा आहे: तुरटीने वनस्पतिज रंग कापडावर पकडतात, व्हिनेगर लोकर आणि रेशमाच्या काही रंगांना लागतं. मार्करची शाई राळेच्या जोरावर चिकटते, तिच्यावर यांचा काही उपयोग नाही. मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या कपड्यामुळे नाव टिकलं असं कोणी सांगितलं, तर ते टिकलं ते मार्कर चांगला होता म्हणून.

मार्कर घेताना टोक पाहा. जाड किंवा तिरक्या टोकाचा मार्कर खोक्यांवर लिहायला असतो. तो एका रेषेत इतकी शाई सोडतो की खळही तिला थोपवू शकत नाही. दुकानात ‘सीडी मार्कर’ मागितला की बारीक टोकाचा मिळतो, नावाला तो पुरतो. कापडासाठीचे खास मार्करही मिळतात. त्यांच्यातला रंग बहुधा न विरघळणाऱ्या कणांचा असतो, त्यामुळे ते धुण्यात जास्त टिकतात, पण त्यांना इस्त्रीने पक्कं करावं लागतं. कोणता मार्कर धुण्यात टिकेल याची परीक्षा घरात होते. जुन्या पांढऱ्या चिंधीवर ठिपका द्या, दिवसभर वाळू द्या आणि त्यावर सॅनिटायझरचा एक थेंब सोडा. रंगीत वर्तुळ लगेच बाहेर धावलं तर रंग विरघळणारा आहे; काळा गाभा जागेवर राहिला तर त्यात कणांचा रंग आहे, आणि तोच मार्कर कपड्यांसाठी ठेवा.

आता लिहिण्याविषयी. कापड सैल असेल तर टोक अडखळतं, आणि अडखळलेल्या टोकाखाली शाई साठते. भरतकामाची रिंग घरात असेल तर तिच्यात कापड बसवा. नसेल तर आत पुठ्ठा सरकवून दोन्ही बाजूंनी चिमटे लावा. पुठ्ठा तसाही हवाच, नाहीतर शाई पाठीमागच्या बाजूला उमटते. होजिअरी म्हणजे बनियन, टी-शर्ट, खेळाची जर्सी हे ताणलं जाणारं कापड. ते फार ओढून बसवलं तर सोडल्यावर अक्षरं आक्रसतात, म्हणून सुरकुती जाईल इतकंच ताणा. मार्कर पेनासारखा दाबू नका, उभा आणि हलका धरा. टोक टेकलं की हललं पाहिजे, आणि थांबायचं असेल तर उचललं पाहिजे. शाई फुटते ती रेषेच्या सुरुवातीला, शेवटाला आणि वळणावर, जिथे हात क्षणभर रेंगाळतो तिथे.

देवनागरीत अशा जागा फार. ‘भ’, ‘म’, ‘ध’ यांच्या गाठी, ‘श्र’ आणि ‘क्ष’ची जोडकामं, ‘ह’चं शेपूट. शिवाय शिरोरेषा, जी प्रत्येक अक्षराच्या माथ्यावरून दुसऱ्यांदा जाते आणि तिथे शाईचा दुसरा हप्ता सोडते. म्हणून कपड्यावर लिहिताना शिरोरेषा गाळली तरी चालेल. द्यायचीच असेल तर अक्षरं वाळल्यावर एका झटक्यात ओढा. अक्षर निदान एक सेंटिमीटर उंच ठेवा आणि गाठी मोकळ्या, मोठ्या काढा, कारण त्या आतून भरणारच आहेत. अनुस्वार टेकवून काढू नका, मिलिमीटरभराची तिरकी रेघ ओढा. वाचणाऱ्याला तो अनुस्वारच दिसतो. पूर्ण नावाचा हट्ट नको. आडनावाचं आद्याक्षर आणि हजेरी क्रमांक पुरे होतो, आणि वसतिगृहाच्या धुलाईत कपडे आकड्यानेच लावले जातात. आकड्यांत ४, ६, ९ आणि ० यांची पोटं तेवढी सांभाळा.

या बाबतीत आपल्याकडच्या परटांचं शहाणपण जुनं आहे. मार्कर येण्याच्या कितीतरी आधीपासून ते कपड्यांवर बिब्ब्याने खुणा करत. बिब्ब्याच्या कवचातला दाट, तेलकट रस सुईने किंवा काडीने कापडावर लावायचा आणि त्याला चुना लावायचा. काळी खूण उठे, आणि ती भट्टीतही जात नसे. रस दाट असल्याने तो फारसा पसरत नसे. तरीही परीट नाव लिहीत नसत. ठिपके आणि आडव्या-उभ्या रेघा काढत, त्याही कॉलरच्या आत किंवा खालच्या दुमडीवर. थोडी जागा, थोडा रंग आणि एका नजरेत ओळख. एकाच शाळेत दोन भावंडं असतील तर आजही हे करून बघा: मोठ्याला एक ठिपका, धाकट्याला दोन.

बिब्बा मात्र घरी वापरून बघू नका. त्याचा रस कातडीला भाजतो, फोड येतात, आणि कपड्यावरची ताजी खूणही अंगाला लागून पुरळ उठवते. दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थानात असलेल्या अमेरिकी सैनिकांना असं पुरळ उठत होतं आणि त्याचं मूळ परटाच्या खुणेत आहे, हे त्यांच्या डॉक्टरांनी १९४३ मध्ये नोंदवून ठेवलं आहे. तान्ह्या बाळांच्या बाबतीतली नोंद आणखी जुनी आणि गंभीर आहे. १८८६ मध्ये इंग्लंडमध्ये नवजात बाळं निळी पडल्याचं आढळलं, आणि कारण निघालं दुपट्यांवर नुकत्याच मारलेल्या शिक्क्यांची अ‍ॅनिलीनची शाई. ती बाळांच्या कातडीतून शरीरात जात होती. आजच्या मार्करची शाई वेगळी असते, पण त्यातून घेण्याचा नियम तोच आहे: बाळाच्या कपड्यावर अंगाला लागेल अशा जागी लिहू नका आणि लिहिलेला कपडा धुतल्याशिवाय बाळाला घालू नका. पाळणाघरात पाठवायच्या लंगोटांना आणि झबल्यांना शिवलेली पट्टी सर्वांत बरी.

खरं तर नाव घालण्याच्या बहुतेक कामांना माझं पहिलं उत्तर पट्टी हेच असतं. शिवणकामाच्या सामानाच्या दुकानात दीड-दोन सेंटिमीटर रुंदीची घट्ट विणीची पांढरी सुती पट्टी मीटरवर मिळते. दोन-तीन मीटर आणा, धुवा, खळ लावून एकसंध इस्त्री करा, टेबलाला दोन्ही टोकांशी चिकटपट्टीने ताणून लावा आणि एका बैठकीत पाठोपाठ नावं लिहून काढा. शाई वाळल्यावर तुकडे कापा, टोकं आत दुमडा आणि चारही बाजूंनी धावदोरा घाला. एखादं नाव बिघडलं तर पाच सेंटिमीटर पट्टी जाते, सदरा जात नाही. गडद पँट, स्वेटर, लोकरी टोपी, पॉलिस्टरची जर्सी यांवर पट्टीशिवाय दुसरा चांगला मार्ग नाही. पॉलिस्टरचा तंतू स्वतः शाई पीत नाही, पण तंतूंमधल्या फटींतून ती सुतापेक्षा लांब पळते आणि धुण्यात लवकर निघते. टॉवेलवर लिहायचं तर काठाजवळ सपाट विणलेला पट्टा असतो त्यावर. लूपवर लिहिलेलं वाचताच येत नाही. मोज्यांना मार्कर लावू नका, टाचेवर रंगीत दोऱ्याचे दोन टाके घाला. रेशमावर काही लिहू नका, अगदी आतल्या बाजूलाही नको.

कपड्यावर थेट लिहायचंच असेल तर जागा निवडताना घामाचा आणि अत्तराचा विचार करा. सदऱ्याच्या कॉलरची आतली पट्टी सगळ्यांना सुचते, पण अंगावर मारायचे स्प्रे तिथेच पडतात, आणि त्यांत अल्कोहोल असतं. मोठ्या मुलांच्या सदऱ्यांवरची नावं महिनाभरात धुरकट होतात त्याला पुष्कळदा धुलाई जबाबदार नसते. खालच्या दुमडीची आतली बाजू किंवा बटणपट्टीचा तळ बरा. पँटला नेफ्याची आतली बाजू, परकराला नाडीच्या नेफ्याजवळची जागा, चादरीला कोपऱ्याची दुमड. दुमडीत कापड दुहेरी असतं, शाई पलीकडे दिसत नाही, आणि थोडी फुटलीच तरी कपडा वाया जात नाही.

लिहून झालं की निदान एक दिवस तसंच राहू द्या. ओल्या शाईवर गरम इस्त्री ठेवू नका. अल्कोहोल पेट घेणारं आहे आणि ओला रंग इस्त्रीच्या तळाला लागून पुढच्या कपड्यावर उठतो. दुसऱ्या दिवशी वर एक सुती फडकं टाकून, कापडाला सोसेल इतक्या उष्णतेवर, वाफेशिवाय तीन-चार मिनिटं इस्त्री फिरवत राहा. कापडाच्या मार्करचा रंग यामुळे पक्का होतो. साध्या परमनंट मार्करला फायदा थोडा कमी, पण उरलंसुरलं अल्कोहोल निघून जातं. पहिलं धुणं गार पाण्यात, कपडा उलटा करून, वेगळं. ब्लीच टाळा. पांढऱ्या गणवेशाला ब्लीच लावणाऱ्या घरांत काळं नाव तपकिरी होतं आणि मग जातं.

शेवटच्या दिवशी दहावी-बारावीची मुलं एकमेकांच्या शर्टवर सह्या करतात, त्यांच्यासाठी एवढंच: शर्ट आदल्या दिवशी खळ लावून कडक इस्त्री करून घ्या, आत पुठ्ठा घाला आणि सगळ्यांना बारीक टोकाचाच मार्कर द्या. तो शर्ट जपायचा असेल तर पुन्हा धुऊ नका. कुर्त्यावर किंवा कापडी पिशवीवर मोठी नक्षी काढायची असेल तर मार्करने फक्त बाह्यरेषा काढा आणि आतला भाग ब्रशने अ‍ॅक्रिलिकच्या कापडी रंगाने भरा. तो दाट असतो, पाणी न घालता लावला तर धाग्यातून पळत नाही. मार्करनेच भरायचं असेल तर बाह्यरेषेच्या दोन-तीन मिलिमीटर अलीकडे थांबा, शाई तेवढं अंतर आपणहून गाठते.

एवढं करूनही शाई फुटली तर चोळू नका. डागाखाली जुनं सुती फडकं ठेवा, कपडा उलटा करा आणि मागच्या बाजूने सर्जिकल स्पिरिटमध्ये भिजवलेल्या कापसाने टिपत राहा, कडेकडून मध्याकडे. खालचं फडकं शाई ओढून घेईल. ते सारखं सरकवा, म्हणजे सुटलेली शाई परत वर येणार नाही. आधी आतल्या शिवणीवर स्पिरिट लावून कपड्याचा स्वतःचा रंग जातो का ते बघा. नेलपॉलिश काढायचं द्रावण वापरू नका. त्यातल्या अ‍ॅसिटोनने अ‍ॅसिटेटचं कापड विरघळतं. डाग पूर्ण जाण्याची खात्री नसते. उरलेल्या सावलीवर नावाची पट्टी शिवून टाका.

एक विनंती वृद्धाश्रमात किंवा शुश्रूषा केंद्रात घरचं माणूस असलेल्यांना. तिथे कपडे एकत्र धुतले जातात, आणि स्मृतिभ्रंश झालेल्या आजीला आपलं पातळ कोणतं हे सांगता येत नाही. दुसऱ्याचा कपडा अंगावर आला की ती अस्वस्थ होते, कधी कपडे घालायलाच नकार देते. तिच्या कपड्यांवर आतून पट्टी तर शिवाच, शिवाय तिला स्वतःला दिसेल अशी एक खूण बाहेर काठाशी ठेवा: आवडत्या रंगाच्या दोऱ्याचं लहानसं फूल, किंवा तिला ओळखीचं असेल ते एकच अक्षर, मोठं आणि स्वच्छ. कर्मचाऱ्यांना पट्टी वाचता येते, आजीला फूल ओळखता येतं.

मार्करचं कोणतंही नाव कायमचं नसतं. आठवड्याला दोनदा धुतल्या जाणाऱ्या गणवेशावर ते हळूहळू फिकं होत जातं, आणि वसतिगृहात त्याकडे लक्ष ठेवायला कोणी नसतं. मूल दिवाळीच्या सुट्टीत घरी आलं की ट्रंक उघडून प्रत्येक नाव बघा, फिकी झालेली गिरवा, सुटलेल्या पट्ट्या शिवा, आणि परत जाताना त्याच्या सामानात बारीक टोकाचा मार्कर आणि कोऱ्या पट्टीचा हातभर तुकडा द्या.